चार्ल्स डिकन्सचे वाचक

लंडनमध्ये १८४० नंतरच्या दहा वर्षांत डिकन्सच्या तोडीस तोड खपणारा आणखी एक कादंबरीकार होता. त्याचे नाव जॉर्ज रेनॉल्ड्स. डिकन्सपेक्षा दोन वर्षांनी लहान. लंडनच्या रहस्यांवरची त्याची कथामाला १८४४ पासून दर आठवड्याला एका पेनीला मिळे आणि हजारोंनी विकली जाई. हा गृहस्थ चार्टिस्ट चळवळीतला होता. १८४८ साली ट्रॅफल्गार चौकातील सभेच्या अध्यक्षस्थानी तो उभा राहिला होता. आपल्याकडेही त्याचे वाचक कमी नव्हते. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ रेनॉल्ड्सच्याच कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. आज त्याला अभ्यासकांवाचून फारसे कोणी हातात घेत नाही. डिकन्स मात्र १८७० साली वारला, आणि अजून छापला जातो, वाचला जातो.

आम्हांला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. राजकीय मते पाहिली तर आम्ही रेनॉल्ड्सच्या बाजूचे. तो मतदानाच्या हक्कासाठी उभा राहिला. डिकन्सला संघटनेची भीती वाटे. मग आमच्यासारख्या, रात्रशाळेत इंग्रजी शिकून शब्दकोश शेजारी ठेवून वाचणाऱ्या माणसाने पुन:पुन्हा डिकन्सकडेच का वळावे?

हप्त्यांची युक्ती, हे त्याचे एक कारण सांगतात. ‘पिकविक पेपर्स’ १८३६ पासून दरमहा एका शिलिंगाला निघू लागली. पहिला भाग हजार प्रती छापला होता, शेवटी शेवटी चाळीस हजारांवर खप गेला. ज्यांना शिलिंग परवडत नसे ते चार जण मिळून एक भाग घेत, आणि ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. हे सारे खरे. परंतु स्वस्ताईच टिकवीत असती, तर पेनीवाला रेनॉल्ड्स आधी टिकला असता.

कारण दुसरीकडे आहे, आणि ते शोधायला १८२४ सालात जावे लागते. डिकन्सच्या बापाला चाळीस पौंडांच्या कर्जापायी मार्शलसी तुरुंगात टाकले. मुलगा नुकताच बारा वर्षांचा झालेला. त्याला टेम्सच्या काठी, उंदरांनी बुजबुजलेल्या एका मोडक्या घरात, बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावले. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. काम असे: बरणीच्या तोंडावर आधी तेलकट कागद, वर निळा कागद, भोवती दोरा, कडा कात्रीने सारख्या कापायच्या, आणि मग लेबल डकवायचे. पुढे कारखाना दुसऱ्या रस्त्यावर गेला, तेव्हा उजेडासाठी मुलांना खिडकीशी बसवीत, आणि त्यांचे चपळ हात पाहायला येणारे-जाणारे थांबत. बाप सुटून आला, मालकाशी भांडण झाले, मुलगा घरी परतला. तर आई त्याला पुन्हा तिथेच धाडायला निघाली. हे त्याने आईला कधीच माफ केले नाही.

ही गोष्ट त्याने जवळचा मित्र फॉर्स्टर याला सांगितली, पण पोटच्या मुलांनाही कळू दिली नाही. जगाला ती त्याच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरच्या चरित्रातून समजली. पण ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये बाटल्या धुणारा पोर आधीच येऊन बसला होता. कष्ट तर त्या वयाची हजारो पोरे उपसत होती. डिकन्सला जाळीत राहिली ती एक गोष्ट: आपण शिकून काही व्हायचे होतो, आणि कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. रेनॉल्ड्स गरिबाची बाजू घेतो. डिकन्सला दोऱ्याची गाठ कशी मारायची ते ठाऊक आहे. कामगार वाचकाला हा फरक दोन पानांत कळतो.

आता आमच्या तक्रारीकडे येऊ. ३० डिसेंबर १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या नगरभवनात डिकन्सने दोन हजारांहून अधिक कामकऱ्यांपुढे आपली नाताळची गोष्ट वाचून दाखवली. तिकीट सहा पेन्स, आणि श्रोते कामकरीच हवेत हा हट्ट त्याचा स्वतःचा. पुढच्याच महिन्यात तो प्रेस्टनला गेला. तिथे सूतगिरण्यांच्या मालकांनी टाळेबंदी केलेली होती आणि हजारो विणकर घरी बसले होते. पूर्वी कापलेली दहा टक्के मजुरी परत द्या, एवढीच मागणी. डिकन्स प्रतिनिधींच्या सभेला बसला. संप ही चूक आहे असे त्याचे मत. तरी सभेतली शिस्त पाहून तो चकित झाला, आणि आपल्या साप्ताहिकात फेब्रुवारी १८५४ मध्ये त्याने ते प्रामाणिकपणे लिहिले.

आणि एप्रिलपासून त्याच साप्ताहिकात ‘हार्ड टाइम्स’ सुरू झाली. तीत युनियनचा पुढारी स्लॅकब्रिज म्हणजे निव्वळ तोंडाळ, घाम गाळीत ओरडणारा ढोंगी. त्याच्या चिथावणीने कामगार स्टीफन ब्लॅकपूल या सज्जन विणकराला वाळीत टाकतात. प्रेस्टनला डोळ्यांनी पाहिलेली शिस्तीची सभा कादंबरीत कुठे गेली? आम्ही द्वारसभेत बोलणारे. तोंडाळ पुढारी आम्हीही पाहिले आहेत, पण वर्गणीचा पै-पैसा लिहून ठेवणारे त्यांच्याहून किती तरी अधिक. प्रेस्टनचा संप त्या वसंतात मोडला.

याहून कडू गोष्ट आपल्या देशाची आहे. १८५७ च्या उठावाच्या बातम्या ऐकून त्याने एका पत्रात लिहिले की आपण हिंदुस्थानात सेनापती असतो, तर ही जातच नाहीशी करण्यासाठी झटलो असतो. गरिबाच्या पोरासाठी रडणारा हा माणूस! त्याचा मुलगा वॉल्टर सैन्यात होता, आणि १८६३ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यात वारला. हे पत्र झाकून ठेवून डिकन्सची थोरवी सांगणे आम्हांला मान्य नाही.

तरीही १९०६ साली इंग्लंडात मजूर पक्षाचे सभासद पहिल्यांदा मोठ्या संख्येने पार्लमेंटात आले, तेव्हा स्टेड नावाच्या संपादकाने त्यांना विचारले की तुम्हांला घडवणारी पुस्तके कोणती? खाणीत, गिरणीत वाढलेल्या त्या माणसांच्या उत्तरांत डिकन्स अगदी वरच्या दोन-तीन नावांत होता. मार्क्सचे नाव मोजक्यांनीच घेतले. स्लॅकब्रिज त्यांनीही वाचलाच असणार. युनियनवाल्यांना शिव्या देणारे पान त्यांनी उलटले आणि पुढे वाचत राहिले, असेच म्हणावे लागते.

आमचा अनुभव ‘ब्लीक हाउस’चा आहे. तीत एक वारसाचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि अखेर सगळी इस्टेट खर्चातच संपली म्हणून तो मिटतो. कागदांचे भारे तेवढे कोर्टाबाहेर येतात. कामावरून काढलेल्या आणि बारा-पंधरा वर्षे तारखांना जाणाऱ्या काही कामगारांना आम्ही हे कथानक मराठीत सांगितले. कोणी हसले नाही. एकाने विचारले, हा लेखक आपल्याकडच्या कोर्टात येऊन गेला होता का? आम्ही म्हटले, नाही, पण पंधराव्या वर्षी तो लंडनात एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. त्यावर तो म्हणाला, मग बरोबर, आणि त्या दाव्यातल्या तरुण रिचर्डचे पुढे काय झाले ते विचारू लागला.