तळटीप : ‘चंदैनी’

चंदैनी : लोरिक-चंदा या प्रेमी युगुलाची छत्तीसगढी गायनकथा. लोकपरंपरा तिचे नाते रायपूरजवळच्या आरंगशी सांगते. मौलाना दाऊद यांनी हीच कथा १३७९ मध्ये अवधीत ‘चंदायन’ म्हणून रचली. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी तिच्यावर ‘सोनसागर’ हे नाटक उभे केले. जुन्या वाङ्मयातून नवे घडवण्याचे असेच काम कादंबरीकार टोल्किन यांनी इंग्रजीत केले. ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे (जुन्या इंग्रजीचे) प्राध्यापक होते. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात राक्षसांसाठी आलेला ‘एन्ट’ हा शब्द त्यांनी उचलला आणि आपल्या कथेतल्या चालत्याबोलत्या वृक्षांना दिला. त्याच काव्यातला, पेला चोरीला गेल्याने खवळणारा ड्रॅगन त्यांच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) पुन्हा भेटतो. मला मात्र चंदैनीचे मोल अधिक वाटते, कारण तिला अजून गाणारा गळा आहे. वाचकांनी ती आधी ऐकावी, मग वाचावी. – संपादक