भास्कराचार्यांचे बीजसंकेत आणि आधुनिक रेखामानके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शास्त्रीय व तांत्रिक लेखनातील चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या संमतीने तो ठरतो. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये विमान कारखान्याची स्थापना झाली. अशा कारखान्यात आरेखकाने काढलेली तुटक रेषा यंत्रावरील कारागिराने झाकलेली कडा म्हणूनच वाचावी लागते. ही संमती कशी टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात उत्तर महाराष्ट्रातील एका जुन्या उदाहरणाच्या आधारे केला आहे.

बीजगणितातील संकेत

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत. पहिले वगळता ही रंगांची नावे होत. लेखनात त्यांची आद्याक्षरे घेत आणि ज्ञात संख्येपूर्वी ‘रूप’ या शब्दाचे ‘रू’ लिहीत. ‘या ३ रू ५’ म्हणजे आजचे ‘३क्ष + ५’. ऋण राशीच्या माथ्यावर बिंदू देत. समचिन्ह नव्हते, समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडत. युरोपात रॉबर्ट रेकॉर्ड यांचे समचिन्ह १५५७ मध्ये छापले गेले.

आद्याक्षरांचा व बिंदूचा नियम भास्कराचार्यांनी ग्रंथातच सांगितला आहे. तथापि नक्कल करताना बिंदू गळला, तर ऋणाचे धन होई. म्हणून केवळ ग्रंथ पुरेसा नव्हता. तो शिकविणारी व्यवस्थाही आवश्यक होती.

पाटणचा मठ

अशी व्यवस्था चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे होती. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून बाजारातील मालावरील देणी मठाकडे लावून दिल्याचा उल्लेख त्यात आहे. गणिताच्या अध्ययनाचा खर्च अशा रीतीने बाजारपेठेवर बसविला होता.

एकोणिसाव्या शतकात शालेय शिक्षणात युरोपीय बीजगणित आले आणि ‘या’, ‘का’, ‘नी’ वर्गातून गेले. हे संकेत सदोष होते असे नव्हे. त्यांचा वर्गच उरला नाही.

रेखामानके

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १९८७ मध्ये तिचे कार्य भारतीय मानक ब्युरोकडे आले. अभियांत्रिकी आरेखनाविषयी शाळा-महाविद्यालयांसाठी ‘एसपी ४६’ ही पुस्तिका १९८८ मध्ये निघाली. दृश्य कडा जाड अखंड रेषेने, परिमाणे बारीक अखंड रेषेने, झाकलेल्या कडा तुटक रेषेने, तर मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांच्या बारीक रेषेने दाखवावी, असा हा संकेत आहे. जाड व बारीक रेषांच्या जाडीचे प्रमाण किमान २:१ असावे लागते.

निष्कर्ष

आज संगणकावर रेषेचा प्रकार एका कळीने निवडता येतो. पण तो का निवडावा, हे कळ सांगत नाही. मानक छापून निघाले म्हणून संमती आपोआप टिकत नाही. पाटणला जे कार्य मठाने केले, ते आज महाविद्यालयातील आरेखनाच्या तासाकडे आले आहे. त्या तासाला केवळ सुबकतेसाठी गुण देणे पुरेसे नाही. प्रत्येक रेषेचा अर्थ विद्यार्थ्यास सांगता येतो की नाही, हेही तपासणे अगत्याचे आहे.