खेळाने मोकळी सोडलेली जागा: व्हिडिओ गेमवरच्या जपानी बालमांगाचा इतिहास

एखाद्या व्हिडिओ गेमवरून मुलांसाठी चित्रकथा निघाली की तिच्याकडे साहित्य म्हणून पाहायला सहसा कोणी तयार होत नाही. गेम खपावा म्हणून कंपनीने काढवून घेतलेली जाहिरात, अशीच तिची ओळख धरली जाते. मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, थोरवी सांगायची तर ओसामू तेझुकांचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे; पण मारिओ, कर्बी, पोकेमॉन यांच्यावरच्या ज्या मालिका जपानी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, त्यांचा उल्लेख झालाच तर व्यापाराच्या प्रकरणात होतो. मला हा न्याय चुकीचा वाटतो. ज्या काळात या मालिका जन्मल्या त्या काळातले गेम गोष्ट सांगतच नव्हते म्हटले तरी चालेल. चार ठिपक्यांचा नायक, तोही मुका; त्याला स्वभाव, मित्र, भीती, विनोद हे सगळे कागदावर मिळाले. मुलांना या मालिकांत जो आनंद मिळाला तो गेमने मोकळ्या सोडलेल्या जागेतून आला. ही जागा भरण्याची सवय जपानी प्रकाशकांना व्हिडिओ गेम जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

त्या सवयीचे मूळ शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेत सापडते. ताकेओ ओगा यांनी ती 1922 मध्ये स्थापन केली आणि पहिली मासिके काढली ती पाचवी आणि सहावीच्या विद्यार्थ्यांसाठी. पुढे प्रत्येक इयत्तेचे स्वतंत्र मासिक झाले. एप्रिलमध्ये जपानी शाळांचे वर्ष सुरू होते. मूल वरच्या वर्गात गेले की त्याचे मासिकही बदलायचे. अभ्यास, कोडी, माहिती आणि चित्रकथा एकाच अंकात असत. 1969 च्या डिसेंबरमध्ये फुजिको एफ. फुजिओ यांचा डोरेमॉन अवतरला तो अशाच सहा मासिकांतून, आणि पहिलीच्या मुलासाठी वेगळी गोष्ट, चौथीच्या मुलासाठी वेगळी, असे ते दर महिन्याला काढत. वाचकाचे वय एका वर्षाच्या हिशेबाने ओळखणारी ही शिस्त होती. डोरेमॉनच्या विखुरलेल्या गोष्टी एकत्र वाचायला मिळाव्यात म्हणून 1977 मध्ये याच संस्थेने ‘कोरोकोरो कॉमिक’ काढले. जाडजूड, स्वस्त कागदाचे, छोट्या आकाराचे. अवघड चिनी अक्षराशेजारी बारीक टाइपात त्याचा उच्चार छापलेला, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलाला कोणाचीही मदत न घेता वाचता यावे. गेमवरच्या चित्रकथांचे घर पुढे हेच मासिक झाले.

1978 च्या उन्हाळ्यात तायतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि शंभर येनची नाणी घेऊन माणसे यंत्रांपुढे रांगा लावू लागली. मुलांनी गेम सेंटरमध्ये जाऊ नये यासाठी शाळा आणि पालक धडपडत होते. त्याच वर्षी कोरोकोरोत मित्सुरू सुगाया यांचा ‘गेम सेंटर अराशी’ दिसला आणि लवकरच त्याची मालिका झाली. आता विचार करा, चित्रकारापुढे साहित्य काय होते? काळा पडदा, वरून ओळीने उतरणारे ठिपके, खाली डावी-उजवीकडे सरकणारी एक तोफ. त्यात कथा नाही, पात्र नाही. सुगायांनी पडदा होता तसाच ठेवला आणि सगळे नाट्य खेळणाऱ्याच्या अंगात आणले. पुढच्या मोठ्या दातांचा, टोपी घातलेला अराशी कळ इतक्या वेगाने फिरवतो की हाताभोवती ज्वाळा उठतात. यंत्रासमोर निश्चल बसलेल्या मुलाच्या मनात त्या क्षणी जे चालते ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. सुगायांनी ते दिसेल असे काढले. याच सुगायांनी 1982 मध्ये ‘कोन्निचिवा मायकॉन’ या पुस्तकातून मुलांना चित्रकथेच्या रूपात बेसिक ही संगणकाची भाषा शिकवली. खेळण्याची हौस आणि शिकण्याची हौस एकाच मुलात असते हे इयत्तावार मासिकांचे जुने गृहीतक होते, आणि सुगायांच्या कामात ते स्पष्ट दिसते.

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा घरी खेळायचा गेमसंच जुलै 1983 मध्ये 14,800 येनला बाजारात आला आणि गेम घरात शिरला. ही किंमत, शिवाय प्रत्येक कॅसेटचे वेगळे हजारो येन, हा मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारा मामला नव्हता. महिन्याचे मासिक मात्र बसत असे, आणि एक अंक वर्गात हातोहात फिरत असे. गेम हातात येण्याआधी, आणि कित्येकदा तो कधीच न येता, मूल त्याच्या जगात फिरून येई ते या पानांवरून. ‘फॅमिकॉम रॉकी’ या त्या काळातल्या मालिकेत तर प्रत्यक्ष गेममध्ये नसलेल्या गुप्त युक्त्या बिनदिक्कत दाखवल्या जात आणि मुले त्या घरी करून पाहत. कोणी याला फसवणूक म्हणेल. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते: चित्रकथा गेमची नक्कल करत नव्हती, त्यात नसलेले घालत होती, आणि वाचकांना तेच हवे होते.

1990 च्या अखेरीस युकिओ सावादा यांचा ‘सुपर मारिओ-कुन’ कोरोकोरोत सुरू झाला. गेममधला मारिओ धावतो, उड्या मारतो आणि राजकन्येला सोडवतो. बोलतो जवळजवळ नाहीच. सावादांचा मारिओ गप्प बसत नाही. तो बढाया मारतो, घाबरतो, भावावर चिडतो, नको तिथे कपडे फाडून घेतो, आणि मधूनच एखाद्या शत्रूच्या दुःखाने विरघळतो. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’पासून सुरू झालेली ही मालिका नव्या नव्या गेमचे विषय घेत तीस वर्षे ओलांडून पुढे गेली. ज्याचे वडील लहानपणी ती वाचत होते असा मुलगा तिचा वाचक झाला. हिरोकाझू हिकावा यांनीही 1994 पासून बारा वर्षे कर्बीला, म्हणजे एका गुलाबी गोळ्याला, असेच खादाड आणि भाबडे व्यक्तिमत्त्व दिले. निव्वळ जाहिरातीला एवढे आयुष्य लाभत नाही.

तरीही माझ्या मुद्द्याचा सर्वांत सबळ पुरावा पोकेमॉनचा आहे. ‘पॉकेट मॉन्स्टर्स’चे लाल आणि हिरवे असे दोन गेम 27 फेब्रुवारी 1996 ला गेम बॉयवर आले. यंत्र तोवर सात वर्षांचे जुने. पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, रंगाच्या चार छटा. नायक एक शब्द बोलत नाही. गेमचे जनक सातोशी ताजिरी स्वतः कागदावरूनच खेळांकडे आले होते: ‘गेम फ्रीक’ हे आधी त्यांनी 1983 मध्ये काढलेले हस्तनिर्मित नियतकालिक होते, त्यात चित्रे काढणारे केन सुगिमोरी पुढे पोकेमॉनचे चित्रकार झाले, आणि कंपनी निघाली ती 1989 मध्ये. हा गेम आला तेव्हा टीव्हीवरची मालिका वर्षभर दूर होती. ती 1 एप्रिल 1997 ला सुरू झाली. मधल्या काळात पोकेमॉन म्हणजे नेमके काय, ते कसे चालतात, कसे हसतात, हे जपानी मुलांना कागदाने सांगितले. कोसाकू अनाकुबो यांची विनोदी मालिका 1996 च्या वसंतातच कोरोकोरोच्या जोडअंकात आली. त्यात नायक रेडचा जोडीदार, पिप्पी हा पोकेमॉन, माणसासारखा बोलतो, उद्धट आहे, आळशी आहे आणि मुलांना खदखदून हसवणारे सगळे असभ्य प्रकार करतो. ही मालिका 2019 पर्यंत चालली.

मार्च 1997 मध्ये याच प्रकाशनाच्या वरच्या इयत्तांच्या मासिकांत दुसरी मालिका सुरू झाली, ‘पॉकेट मॉन्स्टर्स स्पेशल’. लेखन हिदेनोरी कुसाका यांचे, चित्रे आधी मातो यांची आणि दहाव्या खंडापासून सातोशी यामामोतो यांची. मूळ गेम तोच, प्रकाशक तोच, काळ तोच. पण अनाकुबोंच्या आणि कुसाकांच्या कामात काही साम्य शोधायला बसले तर नावांपलीकडे फारसे हाती लागत नाही. कुसाकांच्या जगात लढाईला किंमत द्यावी लागते, पोकेमॉन जायबंदी होतात, विश्वासघात होतात. गेममध्ये सर्ज, कोगा आणि सब्रिना हे केवळ ओलांडायचे तीन टप्पे आहेत. कुसाकांनी त्यांना रॉकेट या गुन्हेगार टोळीचे सरदार केले आणि नायकाच्या शहरावर ताबा मिळवायला बसवले. 1998 मध्ये पिवळा गेम आला. त्यात नवा नायक नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच एक घडवला: गवती हॅट घातलेली, मुलासारखी वावरणारी, पोकेमॉनच्या मनातले ओळखणारी यलो. तिच्या कथेत गेमचे आदरणीय चार अंतिम प्रतिस्पर्धी मानवजातीवर उठलेले खलनायक होतात. गेमच्या पहिल्या आवृत्तीत मुलगी होऊन खेळण्याची सोय नव्हती. सुगिमोरींच्या एका चित्रात एक मुलगी होती, पण खेळात तिला जागा मिळाली नाही. कुसाकांनी तिच्याच रूपात ब्लू उभी केली, धूर्त, लबाड आणि आतून जखमी, आणि तिला रेड व त्याचा प्रतिस्पर्धी ग्रीन यांच्या बरोबरीने नायकत्व दिले. मुलगी निवडण्याची सोय गेममध्ये आली ती 2000 मध्ये, ‘क्रिस्टल’ आवृत्तीत. त्या चित्रातली मुलगी खुद्द गेममध्ये अवतरायला 2018 उजाडले. आपल्याला अभिप्रेत असलेल्या जगाच्या सर्वांत जवळ जाणारी चित्रकथा हीच, असे ताजिरींनी म्हटले आहे. ज्याने गेम घडवला त्याला कुसाकांचे बदल परके वाटले नाहीत.

जाहिरातीचा आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही, कारण तो खरा आहे. कोरोकोरो आणि गेम कंपन्या यांचे हितसंबंध उघड होते. शिगेकी मोरिमोतो यांनी गेममध्ये शेवटी हळूच घातलेला म्यू हा पोकेमॉन वीस वाचकांना देण्याची घोषणा एप्रिल 1996 मध्ये मासिकाने केली, तेव्हा सुमारे 78,000 अर्ज आले. मंद चाललेल्या गेमची विक्री त्यानंतर चढत गेली. त्याच वर्षी निळी आवृत्ती आधी कोरोकोरोच्या वाचकांनाच टपालाने मागवता आली. मुलांच्या हातात विक्रेत्याचे हत्यार दिले गेले, असे कोणी म्हणाले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. पण विक्रीसाठी जागा दिली गेली म्हणून त्या जागेत काय लिहिले गेले याचा निकाल लागत नाही. जाहिरात ही मालाची प्रतिमा सांभाळते. कुसाकांनी गेमच्या मानकऱ्यांना खुनशी केले, अनाकुबोंनी गोंडस पोकेमॉनला गलिच्छ विनोदात लोळवले. माल विकणाऱ्याच्या मनाने चालणारा लेखक ही जोखीम घेणार नाही. शिवाय दर महिन्याला निवाडा करणारे वाचक आठ ते बारा वर्षांचे होते. कंटाळा आला की हे वाचक पान उलटतात, कोणाच्या शिफारशीला भीक घालत नाहीत. गेमवरून निघालेल्या बहुसंख्य चित्रकथा गेमच्या तारखेशी बांधून घाईत काढल्या गेल्या आणि आज कोणाला आठवतही नाहीत, हेही तितकेच खरे. टिकल्या त्या चित्रकाराच्या बळावर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या कथेची पात्रे आणि जग उसने आहे, तिला स्वतंत्र निर्मिती कसे म्हणायचे? आपल्याकडे तरी हा प्रश्न अडचणीचा ठरू नये. रामायण-महाभारतातली पात्रे घेऊन मराठीत आख्याने, नाटके, कादंबऱ्या झाल्या, आणि उसने जग घेतले म्हणून त्यांचे मोल कोणी कमी धरले नाही. कसोटी एवढीच की लेखकाने त्या सामग्रीचे काय केले. पुढचा इतिहासही हेच दाखवतो. नंतरचे पोकेमॉन गेम स्वतःच मोठी कथा सांगू लागले. 2010 च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये एन नावाचे तयार, गुंतागुंतीचे पात्र आणि तयार संघर्ष होता, कुसाकांना त्या चौकटीत राहून लिहावे लागले, आणि माझ्या मते आधीच्या खंडांतली मोकळीक तिथे उरत नाही. उलट ‘स्प्लाटून’सारख्या कमी बोलणाऱ्या गेमवरून सान्किची हिनोदेया यांनी काढलेली मालिका खेळकर आणि ताजी राहिली; ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये कथानक जवळपास नाहीच, तर कोकोनासू रुम्बा यांनी 2020 पासून त्या निवांत बेटावर खोड्यांचा धुमाकूळ घातला. मूळ गेम जितका अबोल, तितकी चित्रकथा समृद्ध.

या मालिकांना आधार देणारी व्यवस्था मात्र विरत गेली. शोगाकुकानची पाचवी-सहावीची मासिके 2010 मध्ये बंद झाली, तिसरी-चौथीची 2012 मध्ये, आणि त्यानंतर काही वर्षांनी दुसरीचेही. इयत्तावार मासिकांपैकी आता पहिलीचेच उरले आहे. कोरोकोरो चालू आहे. महाराष्ट्रात पोकेमॉन पोहोचला तो उलट्या वाटेने. 2003 पासून कार्टून नेटवर्कवर तो घरोघरी दिसला, गेम बॉय फार थोड्यांनी पाहिला आणि मांगा त्याहून थोड्यांनी. त्यामुळे पिकाचू म्हणजे टीव्हीवरचा पिकाचू असेच आपल्याकडे पक्के झाले. ज्यांना हे चित्र पुरे करायचे असेल त्यांनी ‘पॉकेट मॉन्स्टर्स स्पेशल’चे पहिले सात खंड मिळवून वाचावेत, इंग्रजीत ते ‘पोकेमॉन ॲडव्हेंचर्स’ या नावाने निघाले आहेत. पहिल्या तीनांत रेड, ग्रीन आणि ब्लूची कथा पुरी होते, पुढच्या चारांत यलोची. मुलांबरोबर वाचले तर उत्तम. गेम खेळलेला असण्याची काहीच गरज नाही.