स्पॅनिश साम्राज्यसत्तेचा उदय व ऱ्हास : चांदी, कर्ज आणि कॅस्टीलवरील करभार

महाविद्यालयीन वर्गांत स्पॅनिश सत्तेचा ऱ्हास बहुधा १५८८ मधील आरमाराच्या पराभवापासून शिकविला जातो. हे वर्ष लक्षात ठेवण्यास सोयीचे आहे. मात्र ते दिशाभूल करते. सुमारे १३० जहाजांच्या त्या आरमाराची मोठी हानी झाली हे खरे. तथापि दुसऱ्या फिलिपने नौदल पुन्हा उभारले, १५९६ व १५९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध नवी आरमारे धाडली, आणि सेव्हिल येथे उतरणारी अमेरिकन चांदी तर १५९१ ते १६०० या दशकातच सर्वाधिक होती. एवढी संपत्ती हाती येत असता ही सत्ता पुढील अर्ध्या शतकात खिळखिळी का झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इसाबेला व फर्डिनांड यांच्या १४६९ मधील विवाहाने कॅस्टील व अरागॉन ही राज्ये एका राजघराण्याखाली आली, पण एकजीव झाली नाहीत. प्रत्येकाचे कायदे, प्रतिनिधिसभा व करसंमतीचे हक्क स्वतंत्र राहिले. १४९२ मध्ये ग्रानाडा पडले व कोलंबस अमेरिकेस पोहोचला. १५२१ मध्ये मेक्सिको आणि पुढील दशकात पेरू जिंकले गेले. पाचव्या चार्ल्सबरोबर हॅब्सबर्ग घराण्याचा नेदरलँड्ससह विस्तीर्ण वारसा, आणि त्याची युद्धेही, स्पेनच्या माथी आली.

या युद्धांचा आधार म्हणजे चांदी. पोतोसीची खाण १५४५ मध्ये सापडली. वानकावेलिका येथील पारा वापरून कमी प्रतीच्या खनिजातूनही चांदी काढता येऊ लागली, आणि १५७३ पासून व्हाइसरॉय तोलेदो याने 'मिता' ही सक्तीच्या श्रमाची पद्धत पोतोसीला लागू केली. ठरलेल्या प्रांतांतून दरवर्षी सुमारे १३ हजार अँडियन पुरुष तेथे पाठविले जात. 'स्पेनचा खजिना' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! राजाचा वाटा साधारणतः एक पंचमांश असे. परंतु त्याच्या एकूण उत्पन्नात अमेरिकन चांदी क्वचितच चौथ्या हिश्श्याहून अधिक होती. तिचे खरे मोल तारण म्हणून होते. जिनोआचे सावकार अँटवर्पला सैन्याच्या पगाराची रक्कम आधी पुरवीत आणि चांदीची जहाजे आल्यावर व्याजासह वसुली करीत. अटलांटिकपलीकडील खाणीवर फ्लँडर्समधील सैनिकाची भाकरी अवलंबून होती.

ही साखळी तुटल्यास काय होते, ते १५७५-७६ मध्ये दिसले. सप्टेंबर १५७५ मध्ये फिलिपने अल्पमुदतीच्या कर्जांची परतफेड थांबविली. सावकारांनी हात आखडता घेतला. मार्च १५७६ मध्ये नेदरलँड्सचा गव्हर्नर रेकेसेन्स मरण पावला. पगार थकलेल्या तुकड्यांनी बंड केले. ४ नोव्हेंबर रोजी त्यांनी अँटवर्प लुटले, हजारो नागरिक मारले गेले. चारच दिवसांनी घेंट येथे कॅथलिक व प्रोटेस्टंट प्रांतांनी स्पॅनिश सैन्य हुसकावण्यासाठी करार केला. धर्मभेदाने विभागलेल्या प्रांतांना पगाराविना मोकाट सुटलेल्या सैन्याने एकत्र आणले.

ड्रेलिचमन व व्होथ यांनी २०१४ मधील ग्रंथात दाखविले आहे की फिलिपचे कर्ज दीर्घ मुदतीत फेडण्याजोगे होते व या 'दिवाळखोऱ्या' वस्तुतः कर्जाच्या फेररचना होत्या. हिशेबाच्या दृष्टीने हे मत पटण्याजोगे आहे. परंतु वर्षभराच्या खंडाची राजकीय किंमत जमाखर्चात उमटत नाही, आणि फेररचनेतून निर्माण झालेल्या दीर्घमुदतीच्या रोख्यांचे व्याज कोणीतरी भरावेच लागे. ते मुख्यतः कॅस्टीलने भरले. १५९० मध्ये तेथील प्रतिनिधिसभेने सहा वर्षांत ८० लाख डुकाट देण्याचे मान्य केले. पुढे तो भार मांस, मद्य, तेल व शिरका यांवरील करांत उतरला, म्हणजेच गरिबांच्या ताटापर्यंत पोहोचला.

इतर राज्यांनीही वाटा उचलावा, ही ओलिव्हारेसची अपेक्षा न्याय्य म्हणावी लागेल. १६२६ च्या त्याच्या 'शस्त्रसंघ' योजनेत १ लाख ४० हजार सैनिकांपैकी कॅस्टील व अमेरिकेकडे ४४ हजार, तर कॅटलोनिया व पोर्तुगाल यांच्याकडे प्रत्येकी १६ हजारांचा वाटा होता. पण शतकभर चांदी व कॅस्टील यांच्या जोरावर ज्यांची संमती मिळविण्याची गरज भासली नव्हती, त्यांच्याकडे ही मागणी युद्धाच्या धामधुमीत गेली. १६४० मध्ये दोन्ही राज्यांनी बंड केले. पोर्तुगालची तक्रार गोव्यावरूनही समजते : १५८० नंतर माद्रिदच्या राजाखाली आल्याने पोर्तुगालच्या वसाहती स्पेनच्या शत्रूंचे लक्ष्य बनल्या, आणि १६३६ पासून डच आरमार वर्षानुवर्षे मांडवीच्या मुखाशी गोव्याची कोंडी करीत होते.

१६४७ मध्ये राजकोषाने पुन्हा देणी थांबविली. पुढील वर्षी म्युन्स्टर येथे डच प्रजासत्ताकाचे स्वातंत्र्य स्पेनने मान्य केले, १६५९ मध्ये फ्रान्सशी तह करून सीमाप्रदेश सोडला. अमेरिकेतील मुख्य भूमी मात्र १८२० च्या दशकापर्यंत, तर क्यूबा व फिलिपीन्स १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात राहिले.