पाळण्यातला जुना देव

माझं नाव ऐकलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. मग कौतुकानं म्हणतो, 'मराठी छान बोलता हो तुम्ही!' मायबोली बोलल्याबद्दल मला शाबासकी मिळते, ती केवळ नावामुळे. नावावरून माणसाचा धर्म, भाषा, सगळं कळतं अशी आपली समजूत असते. ती तपासायला जरा दूर, आइसलँडला जाऊ या.

स्कँडिनेव्हियातली जुनी नावं मोठी रोखठोक. ब्योर्न म्हणजे अस्वल, उल्फ म्हणजे लांडगा. मेघगर्जनेचा देव थोर तर कितीतरी नावांत आहे. थोरस्टेइन म्हणजे थोराचा पाषाण, थोरगेइर म्हणजे थोराचा भाला.

इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडच्या 'अल्थिंग' या सभेत धर्मावरून तट पडले. निवाडा सोपवला तो कायदा सांगणाऱ्या थोरगेइर यांच्यावर. ते स्वतः जुन्या धर्माचे. एक दिवस-रात्र ते पांघरूण घेऊन पडून राहिले, असं जुना इतिहासकार सांगतो. उठले आणि म्हणाले, कायदा सर्वांना एकच हवा. सर्वांनी ख्रिस्ती व्हावं.

पुढं होलारचे पहिले बिशप योन यांनी वारांच्या नावांतून जुने देव काढून टाकले, असं परंपरा मानते. इंग्रजीतला 'थर्सडे' हा थोराचाच वार. आइसलँडमध्ये मात्र तो आजही नुसता 'पाचवा दिवस' आहे.

वारातून देव गेला, पाळण्यातून गेला नाही. ११९३ साली वारलेले स्कालहोल्टचे बिशप थोरलाकुर संत मानले गेले. त्यांच्या वडिलांचं नाव थोरहालुर. बापलेक दोघांच्याही नावात तोच जुना देव! १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी थोरलाकुर यांना आइसलँडचे पालक संत म्हणून मान्यता दिली, ती याच नावानिशी.

असं का झालं असेल? आजोबांचं नाव नातवाला ठेवायची तिकडं जुनी रीत होती. मला वाटतं, बारशाच्या वेळी त्या आईबापांना देव आठवत नसेल, घरातला म्हातारा आठवत असेल.

माझंही नाव आजोबांचंच आहे. ते मराठीच बोलायचे.