वळवणचं पाणी, परळची चिमणी

वळवण, शिरवता, लोणावळा. मावळातले हे तलाव आपल्याला पावसाळी सहलीपुरते माहीत. टाटांनी ते बांधले मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. हे पाणी घाटाखाली खोपोलीला सुमारे ५०० मीटर कोसळतं. १९१५पासून त्या विजेवर गिरण्या चालू लागल्या.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कने लॉफ्ट कायदा केला. जुन्या कारखान्यांत, गोदामांत बेकायदा राहणाऱ्या भाडेकरूंना त्याने संरक्षण दिलं आणि त्या जागा राहण्याजोग्या करायची जबाबदारी मालकांवर टाकली.

मुंबईत १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, म्हाडाची घरं, मालक. २००१मध्ये नियम बदलला. पहिले दोन वाटे आता फक्त मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीतून निघणार होते. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल मान्य केला.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, चिमणी शोभेला उरली. जुन्या भिंती वाचलेल्या मला आवडतातच, पण मी आधी विचारतो, आतली माणसं कुठे गेली? खोपोलीची वीज आजही मुंबईला जाते. ज्यांच्या मागांसाठी ती आली, त्यांचे वारस म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून आहेत.