कोळशाच्या रेघेचे देणे

आपल्याकडे चित्रकलेचा इतिहास लिहिला जातो तो चित्रकारांचा. त्यात गुरू येतात, शिष्य येतात, पदके येतात, संस्थानिकांचा आश्रय येतो. मात्र ज्या माणसाला समोर उभे करून या साऱ्यांनी हात बसवून घेतला, तो माणूस या इतिहासात क्वचितच भेटतो. बेळगावात मी तीसेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. कोळशाने माणूस काढण्याचा सराव त्याहून अधिक काळ केला. वय वाढत गेले तसतशी ही उणीव मला अधिकच जाणवू लागली.

कोळसा हे साधन फार जुने. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने सुमारे १४०० साली लिहिलेल्या ग्रंथात त्याची कृतीच दिली आहे. विलो झाडाच्या काड्या तासाव्यात, जुड्या बांधून नव्या मडक्यात घालाव्यात, झाकण मातीने लिंपावे आणि संध्याकाळी भटारखान्याच्या भट्टीत ठेवून सकाळी काढावे. हवा न लागल्याने काडीची राख होत नाही, कोळसा होतो. ही रेघ कागदावर नुसती टेकलेली असते. पिसाने झटकली, पावाच्या गाभ्याने टिपली की गेली. म्हणूनच सरावाला कोळशासारखा सोबती नाही.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त तेथे आली आणि तिच्याबरोबर ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतीही आल्या. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांवरून छायाप्रकाश शिकल्या. अभ्यास उत्तम होता, यात शंका नाही. पण प्लॅस्टरची देवता दमत नाही, श्वास घेत नाही, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत नाही.

१९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य म्हणून आले. जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्याचा वर्ग त्यांनी सुरू केला. इकडे कलकत्त्यात वारे उलटे वाहत होते. अवनींद्रनाथ टागोरांनी १९१४ मध्येच भारतीय शरीररचनेवर निबंध लिहून धड गोमुखासारखे, कंबर डमरूसारखी, असा मार्ग दाखवला होता. माणूस पाहून काढावा की मनातल्या उपमेतून, असा हा वाद. दोन्ही बाजूंनी विद्वत्तेने लिहिले गेले. स्टुलावर बसलेल्या मॉडेलचे काय म्हणणे होते, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

मुंबईची ही शिस्त गावोगाव पोहोचली. गोव्याचे आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद जे. जे.त शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. देवळालीकरांनी १९२७ साली इंदूरला कलाशाळा काढली. तेथून पुढे आलेल्या बेंद्र्यांनी, १९५० साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या कलाविद्याशाखेत एक पिढी घडवली. आमच्या बेळगावात के. बी. कुलकर्णींचे ‘चित्रमंदिर’ होते. रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांचेच विद्यार्थी. १९५६ मध्ये आमचे राज्य बदलले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. हाताला लागलेले वळण मात्र बदलले नाही.

आम्हां काही हौशी मंडळींचा रविवारचा एक वर्ग होता. विवस्त्र मॉडेलचा प्रश्नच नव्हता. धोतर नेसलेला, उघड्या अंगाचा एखादा कष्टकरी मिळाला तरी आमची दिवाळी. रविवार पेठेतील एक हमालमामा बरेच दिवस येत. वीस मिनिटे उभे राहायचे, मग विडीपुरती विश्रांती. एकदा खांदे चोळत ते म्हणाले, “मास्तर, पोतं उचलायला काय वाटत नाही बघा. पण हे नुसतं उभं ऱ्हायाचं लई जड जातंय.”

त्या वाक्यात सारे शरीरशास्त्र होते. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या मानेखालच्या खळगीतून ओळंबा सोडा. तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूचे ढुंगण वर चढते, खांदा खाली उतरतो. डोळे बारीक करून पाहिले की तपशील विरघळतो आणि उरतात सावलीचे दोन-तीन मोठे तुकडे. आम्ही कागदावर वजन आले म्हणून खूश होत असू. ते वजन पेलत होते मामा.

विवस्त्र बसणाऱ्या स्त्रीला तर याखेरीज लोकनिंदेचेही ओझे. १९५४ साली मुंबईत अकबर पदमसींच्या चित्रावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले, नावही झाले. मॉडेलला असा निवाडा कोठून मिळणार? अशाच एका मॉडेलची कथा सांगणारा रवी जाधवांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट २०१७ साली गोव्यातील चित्रपट महोत्सवाच्या यादीतून ऐनवेळी वगळला गेला, हे वाचकांना आठवत असेल. पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला.

काही मॉडेलना निनावी राहणे हाच आसरा असतो, हे मला मान्य आहे. घरी, चाळीत, मुलांच्या शाळेत कळू नये म्हणून त्या जपतात. तो आसरा कोणी मोडू नये. पण ज्यांना नावाची अडचण नाही, त्यांचेही नाव आपण लिहिले नाही, ते केवळ सवयीने. आज बेळगाव, पणजी, इंदूर, बडोद्याला जी मुले हाती कोळसा घेऊन बसतात, त्यांना माझे एवढेच सांगणे: ठरलेले मानधन त्याच दिवशी द्या, विश्रांतीची वेळ पाळा, आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालताना समोरच्या माणसाला विचारा, “तुमचे नाव लिहू का?” तो हो म्हणाला, तर आपल्या सहीच्या आधी त्याचे नाव लिहा.